रुजेपर्यंत

त्या दिवसांत माझी झोप उडाली होती ती ओजूच्या वजनामुळे. झाडाशी त्याचा काही संबंध नव्हता. निदान मी तरी तसं समजत होते.

ओजू म्हणजे माझी मुलगी ओजस्वी, तीन वर्षं चार महिन्यांची. अंगणवाडीच्या काट्यावर ती सलग तीन महिने बारा किलो दोनशेवर अडकली होती. खायची व्यवस्थित. वरणभात, उकडलेलं अंडं, माझ्या ताटातला पापडसुद्धा. फक्त दूध नाही. दीड वर्षाची असताना अंगावरचं सुटलं, तेव्हापासून पेला पुढे केला की तोंड फिरवायची. अंगणवाडीच्या बायनाबाई मलाच हसायच्या. "पोरीले काई नाई झालं, दीपाली. तूच वाळून राह्यली. एकदा काट्यावर तूच उभी राय." मीही हसायचे. मग घरी येऊन मोबाइलवर वजन न वाढण्याची कारणं वाचत बसायचे, आणि अकराव्या कारणापर्यंत पोचेतो ओजूला त्यातले नऊ रोग झालेले असायचे. मी अशीच आहे. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, पण पोरीला शिंक आली तर आधी दृष्ट काढते, मग थर्मामीटर लावते.

त्यातच घर हलवायचं आलं. आमचं जुनं घर चामोर्शीच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून. रस्ता रुंद होणार होता, आणि आमचं अंगण, पडवी, अर्धं स्वयंपाकघर त्याच्या पोटात जाणार होतं. चामोर्शीत नव्या लेआउटमध्ये दोन खोल्यांचं घर बांधून झालं होतं. सुनिल, माझा नवरा, गडचिरोलीच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. त्याला रजा मिळाली दोन दिवसांची. म्हणजे सामान बांधायचं मी, उचलायचं त्याने, आणि हरवलेल्या वस्तूंबद्दल बोलणी खायची परत मी.

सासूबाई तेव्हा सिरोंच्याला होत्या. नणंदेचा पाय मोडला होता. तिथून त्यांचा रोज फोन यायचा आणि रोज एकच वाक्य असायचं, "चिकू सोडून नोका येऊ. घर राह्यलं तरी चालन, झाड आणा."

सासूबाईंचं नाव रुखमाबाई. आमच्या घरात त्यांना सगळे 'बाई' म्हणतात. सुनिलही लहानपणापासून बाईच म्हणतो. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी त्यांना 'आई' अशी हाक मारली, तर त्यांनी ओ दिली नाही. मेथी निवडत होत्या, निवडत राहिल्या. सुनिल हळूच म्हणाला, "बाई म्हण. आई म्हटलेलं तिले चालत नाई." का, ते मी विचारलं नाही. सासरी सगळंच विचारत बसलं तर नांदायचं कधी?

तो चिकू परसात होता, स्वयंपाकघराच्या दारासमोर. पस्तीस-छत्तीस वर्षांचा, पण पत्र्याच्या वर कधी गेला नाही. खुरटलेला, बुंधा मात्र मांडीएवढा जाड. फळं धरायची दोन-तीन डझन, बोरापेक्षा जरा मोठी. त्या झाडाशी माझी ओळख ओजूच्या बाळंतपणात झाली. मला दूध फार येई. ओजू पिऊन झोपली तरी अंग दगडासारखं होई, मग वाटीत पिळून काढावं लागे. मी ते मोरीत ओतायला निघाले तर बाईंनी वाटी हातातून घेतली. "मोरीत नाई टाकाचं. पायाखाली येते. मुंग्यायनं खाल्लं तं दूध आटते." त्या वाटी घेऊन परसात गेल्या आणि चिकूच्या बुंध्याशी ओतून आल्या. मग रोज सकाळी तेच. बाळंतिणीचं दूध झाडाच्या मुळाशी टाकतात, एवढं मी माहेरीही ऐकलं होतं. म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त एवढंच की रिकामी वाटी परत आणताना बाई ती कधी विसळत नसत. विसळलेलीच असे.

झाड उपटून नेण्याचं काम कोलूभाऊंनी घेतलं. धानोऱ्याकडचे, रोपवाटिकेत वीस वर्षं काढलेले. महिनाभर आधी येऊन त्यांनी बुंध्याभोवती अर्ध्या गोलाचा चर खणला, पंधरा दिवसांनी उरलेला अर्धा. "एकदम तोडलं तं झाड धसका घेते," म्हणाले. बुंध्यावर दाराच्या बाजूने चुन्याचा पट्टा ओढला. नव्या जागी त्याच दिशेला तोंड करून लावायचं. हे सगळं मला पटत होतं. मी त्यांना मुळांच्या केसांबद्दल, अन्नरसाबद्दल काहीबाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

शेवटच्या दिवशी, श्रावणातल्या दमट उन्हात, पहिलं फावडं मारण्याआधी त्यांनी विचारलं, "ताई, याच्या खाली काई ठेवलं हाय का?"

"काही म्हणजे?"

"काई बी. मी सगळ्यायलेच विचारतो. एकदा चंदन गुरुजीच्या घरी न विचारता खणलं, तं संडासाचा पाइप फुटला. आठ दिवस अंगाचा वास नाई गेला. बायको घरात घेईना."

मी हसले. सुनिल ट्रॅक्टर आणायला गेला होता. बाईंना फोन लावला, सिरोंच्याला रेंज नव्हती. उत्तर माहीत नसताना शिकलेली माणसं जे करतात ते मी केलं. म्हटलं, "नाही, काही नाही."

हातभर खाली गेल्यावर फावड्याचा आवाज बदलला.

बुंध्याच्या अगदी खाली मुळांनी एक गोळा धरून ठेवला होता, लहान घागरीएवढा. तिथे कधीतरी मडकं असावं. त्याच्या दोन-तीन खापऱ्या मुळांत अडकल्या होत्या. पण मडकं फुटून गेलं तरी मुळांनी त्याचा आकार सोडला नव्हता. पांढरी, बारीक, जावळासारखी मुळं, एकमेकांत इतकी विणलेली की आतलं काही दिसू नये. आणि ती ओली होती. फावडं जिथे लागलं होतं तिथून पांढरं पाणी ठिबकत होतं. मग वास आला. तान्ह्या बाळाच्या मानेच्या घडीत दूध ओघळतं, वाळतं, दोन दिवस अंघोळ राहते आणि मग ती घडी उघडली की येतो, तो वास. आपल्या बाळाचा असला तरी तोंड बाजूला करावंसं वाटतं असा. इथे तो खड्डाभर होता.

"चीक आहे," मी नाकाला ओढणी लावून म्हटलं. "चिकूला चीक असतोच."

कोलूभाऊंनी दोन बोटं त्यात बुडवली, एकमेकांवर घासली. "चीक वीस वर्षं पाह्यला, ताई. चीक चिकटते. हे नाई चिकटून राह्यलं." मग बोटं मातीत पुसून म्हणाले, "हे इथीच राहू द्या. वरचं झाड नेऊ. एवढा गोळा कापून टाकतो."

इथे माझी पदवी आडवी आली. मुळांचा गोळा फोडायचा नसतो, मुख्य मूळ तुटलं तर एवढं जुनं झाड जगत नाही, हे मी त्यांना सांगितलं. बाईंना वाळलेलं झाड दाखवायची माझी छाती नव्हती हे सांगितलं नाही. "आहे तसं बांधा," मी म्हटलं.

"तुमी शिकलेल्या," कोलूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी तो सगळा गोळा ओल्या बारदान्यात गुंडाळला, वरून शेणमातीचा लेप दिला. बांधून झाल्यावर ते मला आठवायला नको असलेल्या कुठल्यातरी गोष्टीसारखं दिसत होतं. नेमकं कशासारखं, ते मला ठाऊक होतं. दुपट्यात गुंडाळून, तोंडावर पदर टाकून गेलेलं तान्हं नेतात तसं.

त्यांनी हात साबणाने तीनदा धुतले. मी चहा आणला तर कपात पाहून म्हणाले, "दुधाचा नोको, ताई. काळा असन तं द्या."

नव्या घरी चिकू स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लागला. चुन्याचा पट्टा बरोबर खिडकीकडे. चार दिवसांत पानं गळाली, पण फांद्या हिरव्या होत्या. मी स्वतःवर खूश होते.

वास आठव्या दिवशी आला. मी आधी फ्रिज धुतला. मग ओट्याखालचं पोतेरं फेकलं. मग ओजूच्या उशा उन्हात टाकल्या. सुनिल म्हणाला, "मले तं काई वास नाई येऊन राह्यला. तू काऊन घर घासून राह्यली रोज?" नवं घर आहे, रंगाचा वास असेल, मला सवय नसेल, असं मी स्वतःला समजावलं. जेवताना मात्र घास तोंडाजवळ नेला की तो वास आधी तोंडात शिरायचा. आंबूस, कोमट. भातावर साय धरल्यासारखी वाटे.

एका दुपारी भांडी घासताना खिडकीतून पाहिलं तर ओजू झाडाशी बसली होती. बुंध्याला गाल लावून. हाक मारली, ओ नाही. बाहेर गेले, तिचा चेहरा वळवला. तिचे ओठ चिकटले होते. दोन्ही ओठांवर पांढरा, वाळलेला थर. मी ओल्या फडक्याने पुसलं, तेल लावलं, नखाने सोडवलं, तेव्हा तोंड उघडलं आणि आतून तो वास आला... माझ्या मुलीच्या तोंडातून. मी तिला तशीच धरून ओकले. आधी तिला बाजूला ठेवावं एवढंही सुचलं नाही.

"काय खाल्लंस?"

"पोट भरलं," ओजू म्हणाली.

झाडाला फळ नव्हतं. चुन्याच्या पट्ट्याखाली, बसलेल्या मुलाचं तोंड पोचेल एवढ्या उंचीवर, साल ओली होती. तिथे मुंगी नव्हती. परसात साखरेचा दाणा सांडला तर रांग लागते, पण त्या झाडाकडे एक मुंगी फिरकत नव्हती.

त्या महिन्यात, जुन्याच अंगणवाडीच्या काट्यावर, अकरा किलो तीनशे भरले. बायनाबाई हसल्या नाहीत. "काय खाऊ घालून राह्यली?" एवढंच म्हणाल्या. मी सगळं खाऊ घालत होते. ओजू ताटापुढे बसायची, एकेक घास गिळायची, आणि उचलायला घेतली की हाताला रिकाम्या पिशवीसारखी लागायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, जंताचं औषध दिलं. रिपोर्ट चांगले. चांगल्या रिपोर्टाएवढं भीतीदायक काही नसतं.

आणि त्याच आठवड्यात मला दूध आलं.

सकाळी गाऊनचा पुढचा भाग ओला होता. मला वाटलं घाम. मग हात लावला. ओजूचं अंगावरचं सुटून दोन वर्षं झाली होती. दिवस गेले नव्हते, तेही तपासलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, ताणाने होतं कधी कधी, गोळ्या लिहून देते. मी गोळ्या घेतल्या. दूध वाढलं. ते माझ्या अंगातून येत होतं आणि मला त्याचीच शिसारी येत होती, कारण वास तोच होता. फ्रिजचा नव्हता, पोतेऱ्याचा नव्हता. आता तो माझ्या गळ्याखालून येत होता.

बाईंचा फोन आला तेव्हा मी रडत होते. ओजूचं वजन सांगितलं. मग, लाज सोडून, दुधाचंही.

मग त्या म्हणाल्या, "येऊन राह्यलं ना? मंग दे ना तिले. रोज एक वाटी."

"ओजूला? ती पीत नाही, बाई."

"ओजूले नाई."

मी खिडकीतून झाडाकडे पाहिलं.

"खालचं आणलं ना तुमी? का तोडून टाकलं?"

"आणलं... सगळं आणलं."

"बरं केलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मी फोन कानापासून लांब धरला. "सुनिलच्या आधीची. पोरगी होती. आठ दिवसाची गेली. बारसं व्हाचं होतं, नाव बी नाई ठेवलं. तुह्या सासऱ्यानं परसात ठेवली, वर चिकू लावला. मले दूध आलेलं, थांबेच ना. मी नेऊन ओतत जावो. ती प्यायची, दीपाली. तिले कोणी सांगितलंच नाई का ती मेली. आता जागा बदलली, भ्याली असन. रुजेपर्यंत दे."

"बाई, माझी पोर वाळतेय..."

"म्हणूनच सांगून राह्यली. भूक लागली का पोट्टं जे भेटन ते तोंडात घेते."

मी दोन दिवस दिलं नाही. सुनिलला म्हटलं, झाड तोडू. तो म्हणाला, बाई आल्यावर बोलू, आणि ड्यूटीवर गेला. तिसऱ्या दिवशी ओजूला अंघोळ घालताना तिच्या पाठीचे मणके मोजता आले. तेव्हा मी स्टीलची वाटी घेतली, न्हाणीत गेले, दार लावलं. डोळे मिटून काढलं. वाटी हाताला कोमट लागत होती. परसात, भर दहाच्या उन्हात, शेजारच्या घरी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होत असताना, मी ते बुंध्याशी ओतलं.

माती ओली होते, पाणी मुरतं, तसं झालं नाही. ते एका जागी ओढलं गेलं, आणि शेवटी आवाज आला. बाळ पिऊन झालं तरी तोंड सोडत नाही, मग हवा ओढली जाते, तसा. मी वाटी टाकून पळाले. परत येऊन उचलली तेव्हा ती विसळलेली होती.

मी रोज दिलं. लिहायला लाज वाटते, पण दिलं. ओकत होते आणि देत होते. कारण चौथ्या दिवसापासून ओजूच्या गालावर मांस दिसू लागलं. ती परसात जाईनाशी झाली. झोपू लागली, डावा अंगठा तोंडात घालून. पूर्वी कधी चोखत नसे. मी म्हटलं, नव्या घराची सवय. मला हाक मारणं तिने सोडलं होतं. काही हवं असलं की ओढणी ओढायची. तेही मी मनावर घेतलं नाही. पोर भरत होती, मला बाकी काही नको होतं.

पुढच्या वजनाला काटा तेरा किलोवर गेला. बायनाबाईंनी ओजूला उतरवलं, दुसऱ्या पोराला चढवून काटा तपासला, परत ओजूला चढवलं. तेराच. "अवं बाप्पा," त्या म्हणाल्या. "काय गोलमटोल झाली! चेहराच बदलला पोरीचा. आजीवर गेली, पाह्य ना." वहीत त्यांनी हिरवी खूण केली. मी घरी येताना रस्त्यात रडले, आनंदाने. त्याच संध्याकाळी माझं दूध आटलं. वासही गेला. चिकूला कोवळी तांबूस पालवी फुटली होती. झाड रुजलं होतं.

दोन दिवसांनी, दुपारी, बाई सिरोंच्याहून आल्या. ऑटो फाटकाशी थांबला. मी ओजूला कडेवर घेऊन दारात उभी होते. मनात वाक्यं तयार होती: झाड ठेवायचं नाही, काय असेल ते रीतीने उचलून नदीकाठी नेऊन ठेवू, माझ्याच्याने पुन्हा होणार नाही. बाई उतरल्या. पिशवी खाली ठेवली. झाडाकडे त्यांनी पाहिलंही नाही. ओजूकडे बघत उभ्या राहिल्या, आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

ओजू माझ्या कडेवरून घसरली. तेरा किलोचं ओझं गेलं तरी माझा हात तसाच वाकलेला राहिला. ती धावत गेली, बाईंच्या लुगड्याला बिलगली, तोंड वर केलं.

"कोण आलं?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच नाटकी वाटला. "सांग ना, राजा. आजी म्हण. आजी..."

ओजूने माझ्याकडे वळून पाहिलं. ओळख नसलेल्या बाईकडे पोरं बघतात तसं. मग बाईंकडे तोंड करून, तक्रार करावी तशा आवाजात ती म्हणाली,

"आई, हिचं दूध आंबट लागते."

बाईंनी ओ दिली.